शेवळे, काकडे आणि ‘ते हे’

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेली मोठी माणसे बहुधा दुसऱ्या कोणासाठी आलेली असतात. ‘र’ म्हणता न येणारा नातू, अडखळत बोलणारी भाची, पक्षाघातानंतर वाचा गेलेले यजमान, अशा कोणाला तरी घेऊन ती येतात, आत काय चालले आहे याचा दाराआडून अंदाज घेतात आणि फी देऊन जातात. स्पीच थेरपिस्टकडे स्वतःसाठी जावे, असे साठीपुढच्या धडधाकट माणसाच्या मनात सहसा येत नाही. त्यामुळे नातवाला घेऊन येणाऱ्या काकूंनी एके दिवशी त्याला बाहेर चित्र रंगवत बसवले आणि स्वतः आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकल्या, तेव्हा त्या फीबद्दलच काही बोलणार असे मला वाटले. त्या म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही मोठ्या माणसांचंही बघता का? म्हणजे मला बोलता येतं, पण... ते हे होतं.”

“ते हे म्हणजे काय होतं?” मी विचारले.

“तेच तर सांगता येत नाही,” असे म्हणून त्या हसल्या, आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

काकूंचे वय अडुसष्ट. (या लेखातल्या माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) तीस वर्षे त्यांनी राहत्या घरात पोळीभाजी केंद्र चालवले. आता व्यवहार मुलगा आणि सून बघतात, तरी सकाळी सहा ते अकरा ओट्यापाशी त्याच उभ्या असतात. शाळा सातवीपर्यंत झाली. कोणाला घडीच्या पोळ्या, कोणाला बिनतेलाचे फुलके, कोणाचा गुरुवार, कोणाची एकादशी, कोणाच्या डब्यात कांदा-लसूण चालत नाही, हे चाळीस-पंचेचाळीस घरांचे सगळे त्यांच्या डोक्यात असे. वही फक्त उधारीपुरती होती. गेल्या दीड वर्षापासून मात्र फोनवर आलेली ऑर्डर त्या कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहून ठेवत होत्या, आणि ते पान सुनेच्या दृष्टीस पडू नये म्हणून पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली सरकवत होत्या.

त्या दिवशी बोलण्याला निमित्त झाले ते काकडांचे. पाऊस सुरू होण्याच्या आधीच्या पंधरवड्यात जांभळी नाक्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळे ही रानभाजी घेऊन बसतात. शेवळे खाजरी असतात, म्हणून त्यांच्या शेजारीच खाज मारणारी काकडे नावाची छोटी हिरवी फळे ठेवलेली असतात, आणि ज्यांच्या घरी ही भाजी होते ते एकाशिवाय दुसरे घेत नाहीत. काकूंनी शेवळांचे दोन वाटे घेतले आणि “याच्याबरोबरचं ते हे दे” असे म्हटले. बाईने दिले, कारण दुसरे काही मागण्यासारखे नव्हतेच. घरी पोहोचेपर्यंत ते नाव आले नाही. ‘क’ने सुरू होते, तीन अक्षरांचे आहे, इतके कळत होते, करवंद, कोरळ, कंटोळी, सगळी मंडळी येऊन गेली, पण हवी ती आली नाही. दुपारी कणीक मळताना, विचार सोडून दिल्यावर, ती आपसूक आली. “पन्नास वर्षं घेतेय मी ते, मॅडम. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी वस्तूंची नावं गेली, मग आमची.”

अशा वेळी आपल्याकडे एक वाक्य तयार असते: वयोमानाने होतं हो. डॉक्टर ते म्हणतात, शेजारी म्हणतात, आणि अनेक वर्षे मीही म्हणत आले. ते वाक्य खोटे नाही. नेमका शब्द जिभेवर येऊन अडकण्याचा हा प्रकार इतका सार्वत्रिक आहे की, रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली तो प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणला आणि दाखवून दिले की शब्द आठवत नसतानाही त्याचे पहिले अक्षर आणि त्याची लांबी माणसाला पुष्कळदा सांगता येते. काकूंना ‘क’ आणि तीन अक्षरे कळत होती, ती याच न्यायाने. पुढच्या संशोधनातून असे चित्र उभे राहिले की वाढत्या वयात शब्दाचा अर्थ शाबूत राहतो, त्या अर्थापासून शब्दाच्या उच्चारापर्यंत जाणारी वाट मात्र रोडावते, आणि ज्या शब्दाची वाट रोज तुडवली जात नाही तो आधी अडकतो. काकड हा शब्द तर वर्षातून पंधरा दिवस बोलण्यात येणारा. विशेषनामांचे आणखी कठीण, कारण त्यांना अर्थाचा टेकू नसतो: एखादा माणूस सुतारकाम करतो हे लक्षात ठेवणे सोपे जाते, त्याचे आडनाव सुतार आहे हे लक्षात ठेवणे अवघड जाते. दोन भाषांत वावरणाऱ्यांच्या जिभेवर शब्द एकभाषिकांपेक्षा अधिक वेळा अडकतात, हेही आता माहीत झालेले आहे, आणि ठाण्यात एकाच भाषेवर दिवस काढणारा माणूस शोधूनच काढावा लागेल.

हे सगळे मी काकूंना सांगितले असते तर ते खरेच ठरले असते, पण त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. काकडाचे नाव ही त्यांची मूळ तक्रार नव्हतीच. ते फक्त दार उघडण्याचे निमित्त होते. मूळ तक्रार पिठाच्या डब्याखाली दडवलेल्या त्या पानाची होती.

मला हे ऐकू आले, याचे श्रेय माझ्या एका जुन्या चुकीला द्यावे लागेल. पंधराएक वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले होते. आपल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात ते सूत्रसंचालन करीत. पाहुण्यांची ओळख करून द्यायची, दोन ओळी म्हणायच्या, वेळ मारून न्यायची, यात त्यांचा हातखंडा होता. “पूर्वीसारखं सुचत नाही,” एवढीच त्यांची तक्रार होती. मी स्मरणाची आणि विचारशक्तीची नेहमीची चाचणी घेतली, त्यांना तीसपैकी एकोणतीस गुण मिळाले आणि मी मोठ्या उत्साहाने म्हणाले, “काका, तुम्ही तर पहिल्या नंबरात पास झालात!” त्यांनी आभार मानले आणि ते गेले. वर्षभराने तलावपाळीवर संध्याकाळच्या घोळक्यात ते मला दिसले. इतर जण बोलत होते आणि ते नुसती मान डोलावत होते. त्यांच्या पत्नीकडून कळले की सूत्रसंचालन त्यांनी सोडले होते, मग मंडळात जाणे सोडले होते, आणि घरी विचारले तर “स्पीच थेरपिस्टने तपासलं आहे, मला काही झालेलं नाही” असे सांगत होते. चाचणीचे गुण बरोबर होते, तरी त्यांच्या आयुष्यातून बोलणे हद्दपार झाले होते आणि मी त्यावर शिक्का मारला होता. ‘काही झालेले नाही’ या शब्दांत मी त्यांना धीर दिला असे मला वाटत होते. त्यांना मात्र ‘तुमच्या म्हणण्यात अर्थ नाही’ असे ऐकू आले असावे.

ज्याला चाचणी पकडत नाही पण माणसाला स्वतःला जाणवते, अशा घसरणीचा वैद्यकात जुना उल्लेख आहे. न्यूयॉर्कचे बॅरी राइसबर्ग यांनी १९८२ साली स्मृतिभ्रंशाच्या वाटचालीची सात टप्प्यांची श्रेणी मांडली, तिचा दुसरा टप्पा हाच: माणूस स्वतः तक्रार करतो, तपासणाऱ्याला काही सापडत नाही. पण या टप्प्याला काटेकोर व्याख्या मिळाली ती २०१४ मध्ये, जर्मन मानसोपचारतज्ज्ञ फ्रँक येसेन आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ती मांडली तेव्हा. त्या व्याख्येनुसार दोन गोष्टी एकत्र असाव्या लागतात: आपली बौद्धिक क्षमता पूर्वीच्या मानाने खालावली आहे आणि खालावलेलीच राहते आहे, असा माणसाचा स्वतःचा अनुभव, आणि वय व शिक्षण लक्षात घेऊन घेतलेल्या प्रमाणित चाचण्यांत मात्र सर्वसाधारण कामगिरी. एखादा आजार, अपघात, औषध किंवा मनोविकार यांतून ती घसरण सरळ उलगडत असेल तर ती या नावाखाली येत नाही. मराठीत यासाठी रुळलेला शब्द मला सापडलेला नाही. ‘स्वानुभूत बोधात्मक ऱ्हास’ असे काही म्हटले तर काकू उठूनच जातील. मी आपली ‘जाणवलेली घसरण’ म्हणते.

त्याच गटाने अधिक लक्ष देण्याजोग्या खुणाही सांगितल्या. तक्रार इतर कशापेक्षा स्मरणाची असणे, ती गेल्या पाच वर्षांतली असणे, साठीनंतर सुरू झालेली असणे, तिची मनाला काळजी लागून राहणे, बरोबरीच्या माणसांपेक्षा आपले अधिक बिघडले आहे असे वाटणे, आणि जवळच्या माणसानेही त्याला दुजोरा देणे. ‘साठी, बुद्धी नाठी’ या आपल्या म्हणीने आणि या संशोधकांनी एकच आकडा धरावा, हा योगायोग गमतीचा आहे. फरक असा की म्हण त्या आकड्याशी येऊन थांबते आणि हसते, तर संशोधक तिथून विचारायला सुरुवात करतात.

आकडे सांगायचे तर ते घाबरवणारे नाहीत आणि निश्चिंत करणारेही नाहीत. २०१४ मध्येच अनेक पाहण्या एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात असे दिसले की स्मरणाची तक्रार करणाऱ्यांपैकी वर्षाला सुमारे २.३ टक्के लोक स्मृतिभ्रंशाकडे जातात, तर तक्रार नसणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १ टक्का असते. म्हणजे धोका दुप्पट, आणि तरीही शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांना त्या वर्षात तसे काही होत नाही. मी हे दोन्ही अर्धे एकाच श्वासात सांगते. पहिलाच अर्धा सांगितला तर माणूस झोपत नाही, आणि दुसराच सांगितला तर तो पुढच्या वर्षी येत नाही.

यात ठाण्याची म्हणून एक खास अडचण आहे. १९०१ साली इथे मनोरुग्णालय सुरू झाले, आणि तेव्हापासून या गावाचे नावच मुंबई-कोकणात एका अर्थाने वापरले जाते. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद मी लहानपणी दादर-परळच्या नातेवाइकांकडून इतक्या वेळा ऐकला आहे, की आम्ही ठाण्यालाच राहतो याचे त्यांना भान नसे. काकूंच्या पिढीच्या ठाणेकरांना ‘डोक्याची तपासणी’ हे शब्द त्या दगडी भिंतींपाशी नेऊन सोडतात. ‘र’ शिकवणाऱ्या बाईंकडे येणे त्या मानाने सोपे, आणि म्हणूनच मला वाटते की अशी माणसे पुष्कळदा आमच्याकडेच पहिल्यांदा बोलतील. बोलली, तर आम्हांला ऐकता आले पाहिजे.

माझ्याकडे अनुभव घ्यायला येणाऱ्या विद्यार्थिनींना मी आता सांगते की चाचणीची कागदपत्रे काढण्याआधी तक्रार तिच्याच शब्दांत, एकही शब्द न सुधारता, लिहून घ्या. कारण या एका दुखण्यात तक्रार हाच भाषेचा नमुना असतो, आणि भाषेचा नमुना वाचणे हे तर आमचे काम. मराठीने यासाठी फार बारीक क्रियापदे ठेवली आहेत आणि सर्वसामान्य माणूस ती अचूक वापरतो. ‘लक्षात राहत नाही’ म्हणणारा माणूस बहुधा नवी गोष्ट आत शिरताना काय होते ते सांगत असतो. तिथे लक्ष, झोप, मनावरचा ताण आणि कान यांची चौकशी आधी करावी. ‘आठवत नाही’ म्हणणाऱ्याची गोष्ट आत आहे, बाहेर येत नाही. थोडी खूण दिली की ती येते का, हे बघावे. ‘सुचत नाही’ ही शब्दाची किंवा पुढच्या वाक्याची तक्रार, आणि ती करणारी माणसे बहुतकरून बोलण्यावर जगलेली असतात. त्या सूत्रसंचालक काकांनी नेमके हेच क्रियापद वापरले होते आणि मी त्यांची स्मरणशक्ती तपासत बसले होते. ‘विसरतो’ हा सगळ्यांत मोघम शब्द, त्याच्या पोटात काहीही असू शकते. ‘गोंधळ उडतो’ असे कोणी म्हटले की मी एकाच वेळी दोन कामे करण्याचे प्रसंग विचारते, आणि ‘रस्ता नवा वाटतो’ असे म्हटले की त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टसाठी चिठ्ठी लिहिते.

यावरून निदान होते, असे मात्र कोणी समजू नये. क्रियापद फक्त कुठले दार ठोठवायचे ते सांगते.

कर्ता कोण, हेही ऐकण्यासारखे असते. ‘मला आठवत नाही’ असे स्वतः सांगणारा माणूस आणि ‘ह्यांना आठवत नाही’ असे जिच्याकडून कळते त्या बाईंशेजारी ‘हिचं काहीतरीच’ म्हणून पेपर वाचत बसलेला माणूस, यांत मला दुसऱ्याची काळजी अधिक वाटते. आजार पुढे सरकतो तशी स्वतःच्या घसरणीची जाणीवच क्षीण होत जाते, ही त्यातली क्रूर गोष्ट आहे.

काकूंनी पहिल्या दिवशी वापरलेले वाक्य माझ्या वहीत असे आहे: “घेतलेली ऑर्डर राहत नाही, आणि राहिली तर खात्री राहत नाही.” या वाक्याचा दुसरा अर्धा कुठल्याही प्रश्नावलीत बसत नाही.

चाचणी मी घेतली, कारण ती घ्यायलाच हवी. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायची होती, ती त्यांनी दाखवली. शंभरातून सात-सात वजा करायचे होते, ते त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर सुट्या पैशांसारखे मोजून टाकले, माझ्यापेक्षा लवकर. कमी शालेय शिक्षणासाठी देतात तो एक वाढीव गुण धरून तीसपैकी अठ्ठावीस झाले. सव्वीसपासून पुढे सर्वसाधारण मानतात, अर्थात ती रेषा सातवीपर्यंत शिकून तीस वर्षे डोक्यात धंदा सांभाळलेल्या बाईसाठी आखलेली नाही. तीनशे तपशील सांभाळणारे डोके आता अडीचशे सांभाळत असेल, तर पाच शब्द लक्षात ठेवायला सांगणाऱ्या चाचणीला ते कसे कळावे? पडझड मोजायची तर आधीची उंची माहीत हवी, आणि ती फक्त काकूंना माहीत होती.

म्हणून मी माझ्या पद्धतीने आणखी थोडे विचारले. एका मिनिटात जितके सुचतील तितके प्राणी सांगायला लावतात, त्याबरोबर मी भाज्या सांगायला लावल्या. भेंड्या खेळून वाढलेल्या पिढीला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. काकूंनी आधी पालेभाज्या संपवल्या, मग शेंगा, मग वेलींवरच्या, जणू त्या बाजारातून एकेका गाळ्यासमोरून चालत होत्या, आणि एकही नाव पुन्हा आले नाही. मला आकड्यापेक्षा हे चालणे महत्त्वाचे वाटले: गटातून गटात जाण्याची युक्ती शाबूत होती. नंतर मी त्यांना एक साधा पदार्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला सांगितले आणि त्यांच्या परवानगीने ते ध्वनिमुद्रित केले. नावे बरोबर येतात का एवढेच नव्हे, तर ती यायला किती वेळ लागतो, ‘ते हे’ किती वेळा येते, सुटलेला धागा त्या स्वतः परत उचलतात का, हे अशा मुद्रणात ऐकता येते आणि पुढच्या वर्षीच्या मुद्रणाशेजारी ठेवून पाहता येते. ‘ते हे’ अकरा मिनिटांत नऊ वेळा आले. माझे स्वतःचे एकदा मोजायला हवे, असे तेव्हा मनात आले. अजून धीर झालेला नाही.

मग कान तपासले. आपल्याकडच्या पदवीत वाचा आणि श्रवण ही दोन्ही अंगे एकत्र शिकवली जातात, तरी म्हाताऱ्या माणसाची स्मरणाची तक्रार आली की आम्हीच कानांना विसरतो. काकूंच्या दोन्ही कानांत वरच्या पट्टीतले आवाज उतरले होते, आणि ‘स’, ‘श’, ‘त’, ‘थ’ यांसारख्या ध्वनींची ओळख मुख्यतः त्याच पट्टीत असते. एका बाजूला एक्झॉस्ट पंखा, दुसऱ्या बाजूला मिक्सर, कानाशी फोन, आणि पलीकडून कोणी म्हणते “सात पोळ्या”. ‘सात’मधला ‘स’ गळला, शेवटचा ‘त’ पुसट झाला, की उरते ते ‘आठ’पासून फारसे लांब नसते. गिऱ्हाईक सात म्हणाले होते, काकूंनी आठ केल्या होत्या, आणि घरात सगळे म्हणत होते, आई विसरली. जे आत गेलेच नाही ते विसरणार कसे?

तपासण्यांत दुसरीही एक गोष्ट निघाली. काकूंना दहा वर्षे मधुमेह आहे, त्या मेटफॉर्मिन घेतात आणि शुद्ध शाकाहारी आहेत. या दोन्हींमुळे बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यांचे ते कमीच होते. त्यांच्या डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली. थायरॉइड ठीक होते. यजमान जाऊन तीन वर्षे झाली होती, आणि झोपेबद्दल विचारल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

इथे हा लेख ‘आणि मग कारण सापडले’ असे म्हणून थांबवता आला असता. पण तीन महिन्यांनी बी-१२ वर आले, थकवा कमी झाला, आणि काकू म्हणाल्या, “अंगात बरं वाटतंय, पण ते आहेच.” ऑर्डर पुन्हा उच्चारून पक्की करायची सवय आम्ही लावली होती, म्हणजे “सात ना, पाच आणि दोन?” असे विचारायचे, त्यामुळे आकड्यांच्या चुका जवळजवळ थांबल्या होत्या. कानाचे यंत्र मात्र त्यांनी घेतले नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे मोजली, त्यांत ऐकू कमी येणे ठळकपणे आहे. दुसरीकडे, ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर अमेरिकेत तीन वर्षे चाललेल्या आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत श्रवणयंत्रांनी सरसकट फरक पडला नाही, ज्यांना मुळात धोका अधिक होता त्यांच्यात मात्र घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. हे मी काकूंना जसेच्या तसे सांगितले. “विचार करते,” त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य कुठल्या अर्थाने घ्यायचे ते ठाणेकरांना कळते.

मुलाशी बोलणे त्या मानाने जड गेले. तो प्रेमळ आहे आणि म्हणूनच चुकत होता. आईचा शब्द अडकला की तो चटकन पुरवायचा, आणि रात्री गमतीने विचारायचा, “सांग बरं, काल भाजी कुठली होती?” अशा घरगुती परीक्षा मी पुष्कळ घरांत पाहिल्या आहेत. त्यांनी स्मरणशक्ती सुधारत नाही, बोलण्याची भीती मात्र वाढते. मी त्याला एवढेच म्हणाले की आईचा शब्द अडकला की मनात दहा आकडे मोज, आणि तिने विचारले तरच दे. तो म्हणाला, “मॅडम, पण तिला काही झालेलंच नाही ना?” मी म्हणाले, “तिला वाटतंय की झालंय. तिथून सुरू करू या.” झाकणाखालचे पान भिंतीवर यावे, असे मी सुचवले. सुनेने दुसऱ्याच दिवशी पांढरा फळा आणला आणि त्यावर सर्वांत आधी स्वतःच्या विसरायच्या गोष्टी लिहिल्या. ही कल्पना माझी नव्हती आणि मला ती सुचलीही नसती.

मेंदू तल्लख ठेवणाऱ्या गोळ्या, अक्रोड, सुडोकू यांबद्दलही विचारणा झाली. सुडोकू सोडवल्याने सुडोकू सुधारतो, असे मी सांगितले आणि रोजचे चालणे, रक्तदाब, साखर यांवर बोलणे वळवले.

यंदा काकू ठरलेल्या वेळी, म्हणजे शेवळांच्या दिवसांत आल्या, नातवाशिवाय. चाचणीत गेल्या वर्षीइतकेच गुण पडले. भाज्या दोनने कमी आल्या, जे काहीही असू शकते. न्यूरॉलॉजिस्टकडचा अहवालही आणला होता आणि त्यात चिंता करण्यासारखे काही नव्हते. “मग, आहे की नाही?” त्यांनी विचारले. मी म्हणाले, “यंदा तरी चाचणीत दिसत नाही. तुम्हांला जाणवतंय ते मी लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी याच दिवसांत पुन्हा बघू.” त्यांना ते पटल्यासारखे वाटले, निदान त्या रडल्या नाहीत.

पिशवीत माझ्यासाठी शेवळांचा एक वाटा होता आणि वेगळ्या कागदात काकडे. “करता येतात ना?” मला येत नाहीत, हे मी कबूल केले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली: हाताला आधी तेल लावायचे, वरची आवरणे सोलायची, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचे, तेलावर चांगले परतायचे, काकडे ठेचून बिया टाकून त्यांचा रस काढायचा आणि तो घालून शिजवायचे, मग भिजवलेले वाल. एकदाही ‘ते हे’ आले नाही. सवयीने मी पेन घेऊन क्रम लिहीत होते. दाराशी जाऊन चप्पल घालता घालता त्या वळल्या आणि म्हणाल्या, “आणि तो पिवळा भाग काढायला विसरू नका हं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा.”

अननुभवी माणसाला बजावून सांगण्याचीच ती गोष्ट होती, कारण तो भाग राहिला तर घसा धरतो. तरीही मी वहीत तारखेपुढे ते वाक्य लिहिले, दोनदा आले म्हणून दोनदा लिहिले, आणि शेजारी प्रश्नचिन्ह घालायचे की नाही हे ठरेना म्हणून जागा मोकळी सोडली.